काज म्हणजे घर? ‘कासा’ या एका शब्दाचा माग

टाचणी

माझी आई आता ऐंशीच्या घरात आहे. लग्न होऊन ठाण्याला आली तेव्हापासून जवळजवळ तीस वर्षं तिने घरबसल्या एका शिंप्याची काजं केली. संध्याकाळी शर्टांचा गठ्ठा यायचा, रात्री आमची जेवणं उरकली की ती खिडकीशी बसायची आणि सकाळी काज-बटण होऊन गठ्ठा परत जायचा. माझ्या शाळेची फी त्या काजांतून गेलीय, म्हणून हा शब्द माझ्यासाठी साधा नाही.

माझी मुलगी सध्या पोर्तुगीज शिकतेय. परवा तिने शब्दकोश माझ्यापुढे धरला. शब्द होता ‘कासा’. पहिला अर्थ घर. पुढे पटावरचा चौकोन वगैरे, आणि त्याखाली चक्क बटणाचं भोक! ती म्हणाली, "आई, आजी करायची ते काज हेच का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

तर जाणकारांनी सांगावं. आपलं काज खरंच तिकडून आलंय का? घरावरून भोकावर शब्द गेला कसा? लॅटिनमध्येही ‘कासा’ जसाच्या तसा आहे असं ती म्हणते. मग रोमन लोकही बटणाच्या भोकाला घर म्हणायचे का? मला सगळं ऐकायचंय, आडवळणं घेतलीत तरी चालेल.

कोकमसार

हो, आपलं काज पोर्तुगीज ‘कासा’वरूनच आलंय. लिहिताना ‘स’ असला तरी दोन स्वरांच्या मधे पोर्तुगीज माणूस त्याचा ‘झ’ करतो, त्यामुळे कानावर ‘काझा’ पडतं. शेवटचा ‘आ’ फार पुसट असतो. तो गळला की उरलं काझ. मराठी काजातला ‘ज’ म्हणून बघा: जहाजाच्या शेवटी येतो तो, जेवणातला नव्हे. उच्चार अगदी चपखल बसतो.

रानजाई

मला हे पटलेलं नाही. ‘कार्य’वरून प्राकृतात ‘कज्ज’ झालं आणि त्यावरून आपलं ‘काज’. कामकाज म्हणतो तेच हे. कापड बेतलं, शिवलं, मग शेवटचं बारीक काम उरतं ते काज. इतका सरळ घरचा मार्ग असताना गलबतात बसून लिस्बनला कशाला जायचं? उच्चार जुळला की नातं जुळलं असं होत नाही. नाहीतर उद्या कुणी काजूसुद्धा काजाचा भाऊ म्हणेल.

अडकित्ता

काजू त्याच गलबतातून उतरला, पण तो भाऊ नव्हे, सहप्रवासी! ‘काजू’ हा मूळ ब्राझीलमधल्या तुपी भाषेतला शब्द. पोर्तुगीजांनी झाड, फळ आणि नाव तिन्ही एकदम आणून आपल्या किनाऱ्यावर उतरवलं. लॅटिनशी त्याचा काही संबंध नाही.

शिंप्याचा_मुलगा

व्युत्पत्तीतलं मला कळत नाही, पण काजातलं कळतं. वडिलांचं दुकान होतं, मी सातवीत असल्यापासून काजावर बसलोय.

टाचणीताई, तुमच्या आईंनी किती कष्टाचं काम केलंय ते ज्याने हाताने काज केलंय त्यालाच कळेल. आधी बटण ठेवून माप घ्यायचं. चीर बटणापेक्षा दोऱ्याएवढी जास्त, बस. हातकाजात चीर आधी मारतात आणि टाके नंतर. यंत्रावर बहुतेक वेळा उलटं, टाके आधी आणि पातं नंतर. चीर मारली की दोन्ही कडा लगेच सुटायला लागतात, म्हणून दोऱ्याला मेण ओढून घ्यायचं आणि एकाला एक लागून टाके टाकत जायचं. प्रत्येक टाक्याला सुई वर येताना दोऱ्याच्या फासातून काढायची, म्हणजे कडेवर बारीक गाठींची रांग बसते. दोन्ही टोकांना दोन-तीन आडवे टाके. ते नसले तर काज आठ दिवसांत फाटतं.

शर्टाच्या पट्टीवरची काजं उभी आणि कॉलरखालच्या पट्टीवरचं आडवं. पुरुषांच्या शर्टाला काजं डाव्या बाजूला, बायकांच्या उजव्या.

आमच्या दुकानात वडील एक वाक्य नेहमी म्हणायचे: "काज ढिलं झालं, बटण घराबाहेर राहिलं." ते ‘घर’ का म्हणायचे हे मी कधी विचारलं नाही. आज हा धागा वाचताना अंगावर काटा आला.

जुनी_वही

टाचणी यांच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. रोमन लोक भोकाला ‘कासा’ म्हणत नव्हते आणि म्हणू शकतही नव्हते. काजातून अडकवायची बटणं युरोपात तेराव्या शतकात रूढ झाली. रोमन माणूस आपलं वस्त्र गुंडाळायचा किंवा ‘फिबुला’ नावाच्या पिनेने टाचायचा. (तुमचं इथलं नाव वाचून बरं वाटलं.)

‘कासा’ शब्दाची लॅटिनमधली ऐपत मात्र समजून घेण्यासारखी आहे. आज तो ऐकला की प्रशस्त घर डोळ्यांपुढे येतं, पण लॅटिनमध्ये ‘कासा’ म्हणजे झोपडी: गुराख्याचं खोपट, शेतावरची माची. बऱ्या माणसाचं घर ते ‘दोमुस’. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीच्या उतारावर एक झोपडी शतकानुशतकं जपली होती. रोम वसवणाऱ्या रोम्युलसची म्हणून तिला ‘कासा रोमुली’ म्हणत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात डायोनिसियस या ग्रीक इतिहासकाराने तिचं वर्णन केलंय. काटक्यांची आणि बोरूची झोपडी, वादळाने किंवा काळाने काही पडलं तर होतं तसंच पुन्हा बांधायचं, जास्त शोभिवंत काही करायचं नाही. भोवती संगमरवरी देवळं उठली तरी ही शाकारलेलीच राहिली. पुढे १९४८ साली त्याच टेकडीवरच्या उत्खननात खडकात कोरलेली खांबांची भोकं सापडली, लोहयुगातल्या झोपड्यांची. नेमकी रोम्युलसची असं कुणी म्हणणार नाही, पण त्या टेकडीवर एके काळी ‘कासा’च होत्या हे त्या भोकांनी दाखवलं.

मग झोपडीचं घर झालं कसं? रोमन साम्राज्यात बाजारात, छावणीत, शेतावर जी लॅटिन बोलली जायची ती ग्रंथातली नव्हती. घोड्याला पंडित ‘इक्वुस’ म्हणायचे, साधी माणसं ‘काबाल्लुस’. पोर्तुगीजमध्ये टिकला तो ‘काबाल्लुस’वरून आलेला ‘कवालु’. तसंच इथेही झालं. ज्यांची भाषा पुढे चालत राहिली त्यांची घरं झोपड्याच होत्या, आणि त्यांनी आपल्या झोपडीला जे नाव दिलं तेच घराचं नाव झालं. आपल्याकडे बंगल्यात राहणारा माणूसही "या एकदा आमच्या झोपडीत" म्हणतो ना, त्याच वाटेने एक अख्खी भाषा गेली असं समजा. स्पॅनिश, इटालियन, कातालान सगळ्यांत घर म्हणजे कासाच. फ्रेंच मात्र ‘मेझों’कडे गेली, तरी ‘च्या घरी’ म्हणायला फ्रेंच माणूस ‘शे’ म्हणतो तो याच कासाचा झिजून उरलेला तुकडा आहे.

‘दोमुस’ पूर्ण मेला नाही. सार्डिनिया बेटावर अजून घराला ‘दोमु’ म्हणतात. इटलीत ‘दुओमो’ म्हणजे मोठं चर्च, देवाचं घर. म्हणजे मोठा शब्द देवाकडे गेला आणि झोपडीचा शब्द माणसांकडे राहिला. मला ही वाटणी फार आवडते.

मांडवीकाठ

वा जुनी_वही! आता गोंयची भर घालते.

आमच्याकडे ख्रिस्ती घरांत लग्नाला ‘काजार’ म्हणतात. "ताचें काजार जालें", लग्न झालेला तो ‘काजारी’. हा शब्द पोर्तुगीज ‘कझार’, म्हणजे लग्न करणे, आणि तो थेट ‘कासा’वरून आलाय. लग्न करणं म्हणजे घर करणं, वेगळी चूल मांडणं. हिंदू घरांत आम्ही लग्नच म्हणतो, पण काजार सगळ्यांना कळतं. माझी शेजारीण तर "काजाराचें मेज" म्हणून लग्नाच्या जेवणाचं टेबल दाखवते, त्यात काजार ‘कासा’वरून आणि मेज ‘मेझा’वरून, म्हणजे लॅटिन ‘मेन्सा’.

तेव्हा रानजाईताई, ‘स’चा ‘झ’ होऊन ‘ज’ कसा होतो ते आमच्या मेजावर आणि काजारात रोज ऐकू येतं.

शिंप्याला आमची आजी ‘आल्फायात’ म्हणायची. हाही पोर्तुगीज, पण लॅटिन नव्हे! अरबी ‘अल-खय्यात’ म्हणजे शिवणारा, तो पोर्तुगालमध्ये ‘आल्फायात’ झाला आणि तिथून गोव्यात आला. आणि बटण म्हणजे ‘बुतांव’.

सुपारी

म्हणजे काज आणि काजार ही सख्खी भावंडं! लग्नाच्या शेरवानीला काजं किती असतात ते आता मोजायला हवं.

वसईचा_पूत

मांडवीकाठ यांनी काजार काढलंच आहे तर इतिहासाचं एक पान इथे हवंच.

१५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतला. लिस्बनहून माणसं किती आणणार? म्हणून त्याने आपल्या शिपायांना इथल्या बायकांशी लग्नं करायला उत्तेजन दिलं. अशा लग्न करून स्थायिक झालेल्यांना ‘कझादु’ म्हणत. शब्दशः घर केलेला. ज्यांनी घर केलं नाही ते ‘सोल्दादु’, म्हणजे शिपाई. पोर्तुगीज वसाहतींत माणसाचा दर्जा या दोन शब्दांवर ठरायचा. कझादु व्यापार करायचा, जमीनजुमला धरायचा. वसईच्या किल्ल्यात १५३४ नंतर याच लोकांची घरं उठली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, मधे दोनशे पाच वर्षं गेली. आज किल्ल्यात फिरताना छप्पर उडालेल्या भिंती दिसतात, त्यांतल्या कितीतरी अशा ‘कासा’ होत्या. लहानपणी आम्ही तिथे क्रिकेट खेळायचो तेव्हा हे माहीत नव्हतं.

इतक्या वर्षांत शिंपी, सुतार, भंडारी, व्यापारी यांचा पोर्तुगीज घरांशी रोजचा संबंध आला. पगार, चावी, फीत, तुरुंग, पाद्री, नाताळ हे शब्द पुस्तकातून आलेले नाहीत, तोंडातून तोंडात आलेत. काज त्यांच्याच रांगेतला.

रानजाई

काजाराचं उदाहरण जोरकस आहे, मानलं. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. कपड्याला भोक पोर्तुगीजांनी आणलं का? त्याआधी आपण उघडे फिरत होतो?

शिंप्याचा_मुलगा

उघडे नव्हतो ताई, बांधून फिरत होतो! बाराबंदीचं नावच बघा, बारा बंद. अंगरख्यालाही बंदच. आणि जिथे गुंडी होती तिथे ती कापडाची किंवा दोऱ्याची गाठ असायची, समोर दोऱ्याचा फास. गुंडी फासात अडकवायची, कापडाला चीर मारायची नाही. म्हणून गुंडी हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, पण चिरीला शब्द नव्हता. कापडाला चीर मारून तिच्या कडा बांधायची रीत ज्यांच्या कपड्यांबरोबर आली त्यांचाच शब्द तिला मिळाला. हे मी पुस्तकातून सांगत नाही, कारागिराच्या बाजूने सांगतोय.

रानजाई

हे पटलं. गुंडी आपली आणि काज त्यांचं, हे कारण पक्कं आहे. म्हणजे दोन वेगळी काजं झाली. कामकाजातलं ‘कार्य’वरचं आणि शर्टावरचं ‘कासा’वरचं. दिसायला जुळी, पण आई-बाप वेगळे. मी माझा आक्षेप मागे घेते. शिंप्याचा_मुलगा, मनापासून आभार.

तेझुकाठची

मी गेली अकरा वर्षं लिस्बनमध्ये आहे. धागा बघितला आणि राहवलं नाही.

टाचणी, तुमच्या आईंच्या कामाला इथे क्रियापद आहे: ‘काझियार’, काजं करणे. काजं करणारी बाई ती ‘काझियादेय्रा’. मुलीला सांगा, आजीचा हुद्दा शब्दकोशात आहे.

इथली एक म्हण: "कें काझा केर काझा." जो लग्न करतो त्याला घर हवं असतं. पहिला ‘काझा’ क्रियापद, दुसरा नाम, उच्चार तोच. मुंबईतल्या जागांचे भाव माहीत असलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. इथे आल्यावर भाषा शिकताना मी ‘कासा’शी अडखळलेच नाही, कारण ती मला मराठीच वाटत होती. बाथरूमला इथे ‘काझा द बान्यु’ म्हणतात, आपलं न्हाणीघर! अख्ख्या घरालाही काझा आणि त्यातल्या एका खोलीलाही काझा, जसं आपलं माजघर, देवघर, कोठीघर. घरी केलेला पाव ‘काझैरु’, म्हणजे घरगुती. गिटारीच्या दांडीवरच्या दोन पट्ट्यांमधली जागाही काझा. दशांशचिन्हानंतरच्या स्थानालाही काझा, शाळेत आपण एककाचं घर, दशकाचं घर म्हणायचो तसं. आणि सगळ्यात भारी: माझी सासू कुणाचं वय सांगताना म्हणते, "ना काझा दुश सिंक्वेंता". पन्नाशीच्या घरात!

आता टाचणींच्या धाग्याची पहिली ओळ पुन्हा वाचा.

टाचणी

अगं बाई. "ऐंशीच्या घरात." मी ते लिहिलं आणि मला कळलंसुद्धा नाही!

अडकित्ता

मग हेही त्यांच्याकडूनच आलं असणार. शब्द काज म्हणून घेतला आणि अर्थाची पेटी ‘घर’ या आपल्या शब्दात ओतली. नाहीतर इतकं जुळेल कसं?

तिरकी_चाल

अडकित्ता, घाई नको. मी बुद्धिबळवाला आहे, तेव्हा पटाच्या घरांपासून सांगतो.

पटावरच्या चौकोनाला पोर्तुगीज ‘काझा’ म्हणतो. १२८३ साली कॅस्टिलच्या दहाव्या आल्फोन्सो राजाने खेळांवरचा ग्रंथ करवून घेतला, त्यातही पटाचे चौकोन ‘कासा’च आहेत. पण हा खेळ त्यांच्याकडे गेला कुठून? भारतातून इराणात, तिथून अरबांकडे, अरबांकडून इबेरियात. फारसीत चौकोनाला ‘खाना’ म्हणतात, म्हणजे घर, आपल्या कारखान्यातला आणि दवाखान्यातला. अरबीत ‘बैत’, तेही घरच. मग घर या अर्थाने चौकोन पश्चिमेकडे गेला असेल असं म्हणायला जास्त जागा आहे.

आणि आपल्याकडे ही कल्पना जुनीच आहे. संस्कृत ‘कोष्ठ’ म्हणजे खोली, धान्याची कोठी. त्यावरूनच कोठा, कोठार आणि तक्त्याला म्हणतो ते ‘कोष्टक’. म्हणजे रेघांनी आखलेली जागा ही खोली, हे डोक्यात पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून होतं. सोंगट्यांच्या पटावर आपण घरंच मोजतो. चष्म्याचं घर म्हणतो. हे सगळं उसनं घ्यायची गरज नव्हती.

जुनी_वही

तिरकी_चाल यांच्याशी पूर्ण सहमत. कुंडलीतल्या घरांचं एक जोडतो. पोर्तुगीजमध्येही कुंडलीची बारा घरं ‘काझा’च. इथे मात्र खरी देवघेव आहे, पण ती लिस्बनची नव्हे आणि गोव्याचीही नव्हे, फार जुनी आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ग्रीक फलज्योतिष भारतात आलं. होरा आणि केंद्र हे शब्द ग्रीकच आहेत. तेव्हा ग्रहांची घरं ही कल्पना दोन्हीकडे एकाच उगमातून गेली असणं शक्य आहे.

तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवू या. ‘काज’ हा शब्द उसना आहे, त्यात वाद नको. कुंडलीतलं आणि पटावरचं घर जुन्या प्रवासांतलं आहे. न्हाणीघर आणि पन्नाशीचं घर मात्र दोन्ही भाषांनी आपापलं बांधलेलं आहे, असं माझं ठाम मत. माणूस जिथे एखादी गोष्ट नेमून ठेवतो त्या जागेला तो घरच म्हणतो. बटणाची नेमलेली जागा काज, आकड्याची नेमलेली जागा दशक.

अडकित्ता

कोष्टकाचं माहीत नव्हतं. माघार!

हिरवी_वेल

कसिनो पण याच घराण्यातला ना?

जुनी_वही

हो. इटालियन ‘कासा’चं लाडकं रूप ‘कासिनो’, छोटं घर, बागेतला बंगला. मग करमणुकीची जागा, मग जुगाराची.

मांडवीकाठ

आणि ती छोटी घरं आता आमच्या मांडवीत पाच मजली होऊन तरंगतात. त्यावर मी इथे काही लिहीत नाही, रात्रीची झोप जाते.

त्यापेक्षा पणजीला याल तेव्हा टपाल कार्यालयाजवळची ‘काझा दा मुएदा’ बघा. मुएदा म्हणजे नाणं, नाण्यांचं घर. टांकसाळ. मराठीत ‘साळ’ म्हणजे शाला, म्हणजे तिथेही घरच.

वसईचा_पूत

संस्थांना घर म्हणायची त्यांची रीतच होती. लिस्बनमध्ये राजवाड्याला लागून ‘काझा दा इंदिया’ होतं, भारताचं घर. मिरी, दालचिनी, लवंग सगळा माल तिथे उतरायचा, नोंद व्हायची, कर बसायचा, गलबतांचे नकाशे तिथे राहायचे. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात ते राजवाड्यासकट गेलं आणि कागदपत्रांचा मोठा साठाही गेला. आपल्या किनाऱ्याची किती पानं त्यात गेली असतील या विचाराने मला अजून हळहळ वाटते.

त्याच भूकंपाने मोरोक्कोतलं एक गावही मोडलं. पोर्तुगीजांनी जुन्या आन्फाच्या जागी वसवलेलं ‘काझा ब्रांका’, पांढरं घर. पुढे त्याचं स्पॅनिश रूप कासाब्लांका जगभर रुळलं. तिथले लोक त्याला अरबीत ‘दार अल-बैदा’ म्हणतात, म्हणजे तेही पांढरं घरच.

सुपारी

कोर्लईला गेलंय का कुणी? रेवदंड्याच्या खाडीपलीकडे. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली अजून आहे. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, आमची भाषा. ‘लिंग’ म्हणजे लॅटिन ‘लिंग्वा’, जीभ. मराठी त्यांना येतेच, बाजारात मराठी आणि घरात नो लिंग. विषयाला सोडून आहे, पण घरातली भाषा म्हटल्यावर आठवलं.

तेझुकाठची

सोडून नाहीच! घरातलं म्हणाल तर पोर्तुगीजमध्ये आणखी एक शब्द आहे, ‘लार’. भिंती-छपराचं ते काझा, मायेचं ते लार. हा आला रोमन लोकांच्या ‘लारेस’वरून, म्हणजे घराचे राखणदार देव. त्यांचा देव्हारा घरातच असायचा. शेकोटीच्या जागेला इथे ‘लारैरा’ म्हणतात. आणि गावात घरं किती हे मोजताना जुन्या नोंदींत ‘फोगु’ मोजलेले असतात, विस्तव. आपण म्हणतो ना, शंभर चुलींचं गाव.

रानजाई

आता मीही काहीतरी देऊ द्या, आक्षेपच घेत राहिले. जुनी_वही यांचा ‘दोमुस’ संस्कृतातल्या ‘दम’चा सख्खा नातलग आहे. वेदांत ‘दम’ म्हणजे घर. आणि त्यावरूनच ‘दंपती’, दम-पती, घराचे धनी. म्हणजे लॅटिनमधले घराचे दोन्ही शब्द मराठीत भेटतात. ‘दोमुस’चं भावंड दांपत्यात, तेही हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुळातून. आणि ‘कासा’ शर्टाच्या पट्टीवर, चारपाचशे वर्षांपूर्वी समुद्रावरून. आणि दोघांनाही लग्न लागलेलं! इकडे दंपती, तिकडे काजार.

"न गृहं गृहमित्याहुर्गृहिणी गृहमुच्यते" हे आमच्या आजोबांचं आवडतं होतं. घराला घर म्हणत नाहीत, गृहिणी हेच घर. टाचणीताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

जुनी_वही

रानजाई, या धाग्यातला हा सर्वांत सुंदर प्रतिसाद. दंपतीचं मला माहीत होतं, पण काजारासमोर ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

टाचणी

काल रात्री सगळा धागा आईला वाचून दाखवला. रोम्युलसच्या झोपडीला ती म्हणाली, "शाकारणी दरवर्षी करावी लागते, ते बरोबर लिहिलंय." बाराबंदीवर मान हलवली. तिच्या वडिलांची होती. ‘काझियादेय्रा’ तिने चार वेळा म्हणवून घेतलं आणि मग विचारलं, "त्यांना एका काजाचे किती देतात?" याचं उत्तर तेझुकाठची यांनीच द्यावं.

मग म्हणाली, पोरीला बोलव. जुन्या पंच्याचा तुकडा घेतला, पुठ्ठ्याच्या डबीतून सुई काढली. दिसत कमी असलं तरी सुईत दोरा तिने पहिल्या खेपेला ओवला. एक काज तिने केलं, दुसरं मुलीने. आईचं काज मी फोनवर मोठं करून बघितलं, टाक्याला टाका लागलेला, टोकाला तीन आडवे. मुलीचं एका बाजूला सुटलं, धागे बाहेर आले. आईने ते उसवलं आणि पुन्हा करायला लावलं. तिसऱ्या वेळेलाही कड सुटलीच. मुलगी रडकुंडीला आली होती, पण उठली नाही.

शिंप्याचा_मुलगा, कड का सुटते?

शिंप्याचा_मुलगा

पंचा विरळ विणीचा असतो ताई, नव्या हाताला तो देऊ नका. पॉपलिनचा तुकडा दुहेरी करून द्या. चीर मारण्याआधी चिरेच्या दोन्ही बाजूंनी बारीक धावदोरा घालू दे. आणि दोऱ्याला मेण लावलं होतं का? मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्यायला सांगा.